एफी कॅटनाखच्या नावाची धून

१९७१ साली फेब्रुवारीत शिलिंग गेले, नवे पेन्स आले, आणि आता जगण्यात काही राम उरला नाही असं ड्रमालनमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी जाहीर केलं. एफी कॅटनाखने मात्र नव्या नाण्यांची तक्रार केली नाही. तिच्या मते जगण्यातला राम गेला तो मार्चमधल्या एका गुरुवारी, जेव्हा ग्रॅसिक मास्तरांनी बीनी मॅकहार्डीच्या कुत्र्याच्या नावाने धून बांधली.

ड्रमालनचं फिडलमंडळ दर गुरुवारी गावच्या हॉलमध्ये जमायचं. फिडल म्हणजे तेच ते व्हायोलिन. पण ड्रमालनमध्ये कुणी व्हायोलिन म्हटलं की तो एडिंबरोहून आला असावा असं समजून लोक त्याच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलत. सुतार, दूधवाला, शाळेच्या बाई, व्हिस्कीच्या भट्टीतले दोघे भाऊ, असे सगळे अर्धवर्तुळात बसायचे आणि मधोमध ग्रॅसिक मास्तर. मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर. गाडी बंद होऊन काही वर्षं झाली होती, रूळही उखडून नेले होते, पण मास्तरांनी रिकामं स्टेशन राहायला घेतलं होतं आणि गावानेही त्यांची मास्तरकी काढून घेतली नव्हती. हॉलच्या मागच्या भिंतीत स्वयंपाकघराची चौकोनी खिडकी होती. त्या खिडकीत चहाची मोठी किटली, स्कोन नावाच्या छोट्या गोडसर पावांचं ताट आणि एफी. ही तिन्ही तिथे इतकी वर्षं होती, की हॉल बांधतानाच बसवली असावीत असं नवख्या माणसाला वाटे.

त्या गुरुवारी मास्तर उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मंडळी, एक नवी स्ट्रॅथस्पे सुचलीय. नाव आहे 'गिरणीवरचा म्हातारा मॉस'."

स्ट्रॅथस्पे ही ड्रमालनच्या खोऱ्याचीच नाचाची लय. सरळ धावायचं सोडून ती अडखळते, झटका देते, थांबते आणि पुन्हा ऐटीत निघते. मॉस हा मॅकहार्डींचा मेंढ्या राखणारा कुत्रा, मागच्या एका पायाने अधू. मास्तरांनी गज टेकवला मात्र, आणि मॉस हॉलमधून लंगडत चालत गेला. अगदी कोपऱ्यावर थांबून खांब हुंगल्याचासुद्धा भास झाला. लोकांनी पाय आपटून दाद दिली.

बीनी डोळे पुसत खिडकीशी आली. "ऐकलंस का गं एफी? आमच्या मॉसची धून!"

"ऐकली."

"तो घरी आहे ना. आता गेल्यावर सांगते त्याला."

"सांग. फार हुरळू देऊ नकोस म्हणजे झालं," एफी म्हणाली आणि बीनीच्या कपात साखर घालायची विसरली. ती विसरली नव्हती, हे बीनीलाही कळलं.

एफीने आजवर पुष्कळ सोसलं होतं. गुरांच्या डॉक्टरवर धून झाली, तिने सोसलं. मिनिस्टरच्या, म्हणजे गावच्या पाद्र्याच्या बायकोवर झाली, तेही सोसलं. चर्चमधल्या माणसांशी कोण भांडणार? ओढ्यावरच्या लाकडी पुलावर झाली. तो पूल पुढल्याच पुरात वाहून गेला आणि धून मागे राहिली. बर्फ उपसणाऱ्या गाडीवर झाली. गावात धून नसलेली माणसं शोधायला गेलं तर, तिच्या मते, एक ती आणि एक पाळण्यातली पोरं. आणि आता कुत्रा.

याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण त्या मुलखात माणसाचं नाव दोनच गोष्टींवर राहतं, थडग्याच्या दगडावर आणि धुनेवर. आणि दगडावर शेवाळ चढतं. दोनशे वर्षांपूर्वी नील गो, विल्यम मार्शल यांच्यासारख्या थोर वादकांनी ज्या सरदारांच्या बायकामुलींवर धुना बांधल्या, त्या बायका दिसायला कशा होत्या, स्वभावाने कशा होत्या, काही कुणाला ठाऊक नाही. पण अजून कुठल्यातरी स्वयंपाकघरात त्यांचं नाव पुकारलं जातं आणि चार फिडलं सुरू होतात. एफीला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. तिचं लोकरीचं दुकान होतं, ते विकल्यावर नव्या मालकाने पाटीवरचं 'कॅटनाख' खरवडून तिथे मासे रंगवले. मास्तरांचं वय झालं होतं, हिवाळ्यात त्यांची बोटं आखडायची, आणि त्यांच्यामागे गावात धून बांधणारं कुणी नव्हतं. जे व्हायचं ते लवकर व्हायला हवं होतं.

अडचण एकच. धून मागायची नसते. ड्रमालनमध्ये माणूस दुसऱ्याची शिडी मागेल, बैल मागेल, एकवेळ बायकोला चार दिवस मदतीला पाठवा म्हणेल. पण धून मागणं म्हणजे आपल्याच लग्नाचा अहेर दारोदार फिरून गोळा करणं. मास्तरांना आपसूक सुचली तर सुचली. एफीने ठरवलं की सुचवायची. न मागता.

सल्ला घ्यायला तिच्याजवळ बीनीच होती. शेजारीण, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण आणि कुत्र्याची मालकीण, या तिन्ही नात्यांनी ती एफीच्या स्वयंपाकघरात बसली.

"हे बघ, धून कशाकशावर होते? लग्न झालं की होते."

"कुणाशी करू?"

"लम्सडेन आहे की."

लम्सडेन मंडळाचे सेक्रेटरी. जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले आणि तरीही न सुटलेले. एफीने बीनीकडे नुसतं पाहिलं.

"बरं, राहिलं. मग मेल्यावर होते. विलाप म्हणतात त्याला. सुंदर असतात हो! सगळा हॉल रडतो."

"मला ऐकायला मिळाली पाहिजे गं."

"अशी अट असेल तर मग आजारी पड. म्हणजे मास्तरांना धास्ती वाटेल, विलाप करायला घेतील, आणि तू बरी झालीस की तोच जरा जलद वाजवतील. काम झालं."

एफीला हा बेत फारसा पटला नाही, पण दुसरा नव्हता. एप्रिलच्या सुरुवातीला ती अंथरुणावर पडली. दुर्दैव असं की त्याच दिवशी अवेळी बर्फ पडलं, इतकं की कुंपणं दिसेनात. बीनीने आपलं काम जरा जास्तच मनापासून केलं. "एफीचं काही खरं नाही" असं तिने रस्ताभर सांगितलं आणि ते पलीकडच्या गावी डॉक्टर इमलाखांपर्यंत पोचलं. डॉक्टरांची गाडी ओढ्यापाशी रुतली. तो सज्जन माणूस गुडघाभर बर्फातून, बॅग डोक्यावर धरून, स्टेशनावरून एफीच्या घरापर्यंत चालत आला. जीभ बघितली, छाती तपासली, आणि बर्फातून आलेल्या डॉक्टरला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं या भिडेने एफीने पाठीला मोहरीचा लेप लावून घेतला. त्या लेपाने मात्र ती खरोखरच दोन दिवस पालथी पडून राहिली.

गुरुवारी बीनी हॉलमधून थेट तिच्याकडे आली. चेहरा असा की एफीने पडल्या पडल्याच मान वर करून विचारलं.

"झाली का?"

"झाली."

"माझी?"

"'डॉक्टर इमलाख बर्फातून'," बीनी म्हणाली. "पण छान आहे हो. मधे तो खड्ड्यात पडतो बघ, तिथे तर..."

"बीनी, घरी जा."

गुरांच्या डॉक्टरवर आधीच झाली होती, आता माणसांच्या डॉक्टरवर. एफीने उशीत तोंड खुपसलं आणि पाठीच्या आगीसकट तिथेच निश्चय पक्का केला. आता माघार नाही.

ग्रिझेल नावाची एफीची धाकटी बहीण लग्न करून समुद्रापार, नोव्हा स्कॉशियाला गेलेली होती. दर नाताळला ती लिहायची, "इकडे ये, दोघी मिळून राहू." दर नाताळला एफी लिहायची, "बघते." निरोपाची धून हा तर धुनांमधला सगळ्यात मानाचा प्रकार.

"अ‍ॅबरडीनला जाते म्हणू का? ते जवळ पडेल," एफीने विचारलं.

"अ‍ॅबरडीनला गेलेल्यावर कोण धून बांधतं? दातांच्या डॉक्टरकडे जातात लोक अ‍ॅबरडीनला. निरोपाला मधे समुद्र लागतो."

तेव्हा एफीने टपालकचेरीत, चार माणसं रांगेत असताना, नोव्हा स्कॉशियाच्या पत्राला किती तिकिटं लागतात ते विचारलं आणि एक सुस्कारा सोडला. पुढचं तिला काही करावं लागलं नाही. ती घरी पोचायच्या आत ती कायमची चालली होती.

दुसऱ्या दिवशी लम्सडेन आले. हॅट काढून मांडीवर ठेवली, हॅटवर मंडळाची घटना ठेवली. "मिसेस कॅटनाख, ऐकून फार वाईट वाटलं. निरोप समारंभ करावा लागेल. तर एक खुलासा हवा होता. आपण जाताय ते कायमचं, की तात्पुरतं?"

"म्हणजे, त्याने काय फरक पडतो?"

"फरक? कायमच्याला घड्याळ आहे. तात्पुरत्याला नुसत्या टाळ्या."

"आणि धून?" असं अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "कायमचं," ती म्हणाली.

लम्सडेन यांनी ते लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं आणि इतिवृत्तात घातलं. मंडळाच्या इतिवृत्तात एकदा गेलेली गोष्ट प्रत्यक्ष राणीलाही बाहेर काढता आली नसती.

आता गंमत बघा. माणूस जातो म्हटलं की मागच्यांना त्याची जागा दिसू लागते. आठवडा व्हायच्या आत थॉर्बर्न नावाचं एडिंबरोचं जोडपं दारात उभं. त्यांना खेड्यात विसाव्यासाठी घर हवं होतं. विकायचं नाही म्हणावं, तर कायमची चाललेली बाई घराचं काय करणार? एफीने त्यांना आत घेतलं, चहा दिला आणि आपल्याच खुर्चीत बसून आपल्याच घराचं भवितव्य ऐकलं. ही भिंत पडणार होती. ती खिडकी मोठी होणार होती. एफीच्या पलंगाच्या जागी न्हाणीचा टब येणार होता. "आणि ही कपाटं किती गंमतशीर आहेत नाही!" मिसेस थॉर्बर्न म्हणाल्या. ती कपाटं एफीच्या नवऱ्याने केली होती, आणि तीस वर्षांत त्यांना कुणी गंमतशीर म्हटलं नव्हतं.

तिकडे मंडळात चहाचा प्रश्न उभा राहिला. एक उपसमिती नेमली गेली, तिने दोन बैठका घेतल्या आणि एकमताने बीनीची निवड केली.

"मी नको म्हणत होते गं," बीनी म्हणाली.

"तुला स्कोन करता येतात तरी का?"

"तू जाणार तर कुणीतरी करायलाच हवेत ना."

"बीनी, मी कुठेही जाणार नाहीये. तुला माहीत आहे."

"हो की," बीनी म्हणाली. जरा खट्टू झाली. "सारखं ऐकून ऐकून मलासुद्धा खरंच वाटायला लागलं होतं."

समारंभाला हॉल मिळेना. गावातल्या बायकांच्या मंडळाने त्या शुक्रवारी जॅमचं प्रदर्शन ठेवलेलं, बरण्या मांडूनही झालेल्या. लम्सडेन यांनी पत्रं लिहिली, पत्रांना उत्तरं आली, उत्तरांना हरकती घेतल्या गेल्या, आणि शेवटी दोन्ही कार्यक्रम एकत्र करायचं ठरलं. त्यामुळे पहिलं बक्षीस मिळवलेल्या रूबार्बच्या जॅमशेजारी, त्याच्याइतक्याच उंचीवर, एफीला बसवण्यात आलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेर होती. नवी हॅट, बाहीला लव्हेंडरचं अत्तर. मिनिस्टर बोलले. लम्सडेन यांनी घड्याळ दिलं. मग मास्तर उठले.

मास्तर बोलले छान. चहाबद्दल बोलले, स्कोनबद्दल बोलले, डोळेही ओले झाले त्यांचे. आणि मग म्हणाले, "आपल्या एफीसाठी मी आज वाजवणार आहे जुन्या उस्तादांची एक निरोपाची धून."

जुन्या उस्तादांची! म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जहाजाने गेलेल्या कुणा भलत्याच माणसाची. एफीने मान ताठ ठेवली. वाजवून झालं, लोक रडले, तिनेही लोकलाजेस्तव रुमाल काढला.

"आणि आता," मास्तर गज पुसत म्हणाले, "जरा डोळे पुसायला एक नवी रील. मागच्या गुरुवारी सुचली. 'बीनी मॅकहार्डी दूध आणायला धावते'."

मागच्या गुरुवारी चहाच्या तालमीत बीनी दूध विसरली होती आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडं घेऊन पळाली होती. रील म्हणजे नाचाची जलद धून. ती भरधाव निघाली. लोकांनी बाकं बाजूला सारून नाच धरला. बीनी खिडकीत लाल होऊन उभी होती आणि एफीकडे बघायचं टाळत होती. एफी घड्याळ मांडीवर घेऊन रूबार्बच्या शेजारी बसून राहिली. घड्याळ चालूही होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोट चढवला, घड्याळ काखेत मारलं आणि स्टेशन गाठलं. मास्तर वेटिंगरूममध्ये ओट्सची लापशी खात बसले होते.

"वॉल्टर," ती दारातूनच म्हणाली. मास्तरांना नावाने हाक मारणारी ती गावात एकटीच. "मला धून हवी."

चमचा मास्तरांच्या हातातच राहिला.

"मागायची नसते, मला माहीत आहे. मी मागतेय. न मागता सगळं करून झालं. मोहरीचा लेप लावून घेतला, घरात टब येऊ घातलाय, चहाची किटली गेली आणि हे घड्याळ मिळालं. मी कुठेही चाललेली नाही. आता सांग, कुत्र्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?"

मास्तरांनी वाडगा बाजूला सारला. "एफी, आत ये, बस. नाही, बसू नकोस. तीच तर अडचण आहे."

"कसली?"

"मला येतं काय सांगू? मी माणसाला चालताना बघतो. बस्स. इतकी वर्षं या फलाटावर उभा होतो. माणूस डब्यातून उतरला की गेटपर्यंत चालत जायचा, तेवढ्यात त्याची लय मला कळायची. घरी जाऊन ती फिडलवर उतरवायची, एवढंच. त्या डॉक्टरला मी इथल्या खिडकीतून बर्फात बघितलं. मॉस तर रोज फाटकावरून जातो. पण तू कधी गाडीतच बसली नाहीस."

"दुकान कुणी बघायचं होतं?"

"चर्चमध्ये तू माझ्याआधी येऊन बसतेस आणि माझ्यानंतर उठतेस. आणि हॉलमध्ये तू त्या खिडकीत. शपथेवर सांगतो एफी, कमरेच्या खाली मी तुला ओळखतच नाही."

"वॉल्टर ग्रॅसिक!"

"तसं नव्हतं म्हणायचं मला," मास्तर लाल होऊन म्हणाले. "तीनदा प्रयत्न केला मी तुझ्यावर. तीनही वेळा किटलीच झाली."

एफीने घड्याळ बाकावर ठेवलं. हॅट नीट केली. "फिडल घे," ती म्हणाली. "मी चालून दाखवते."

फलाटावर गवत माजलं होतं. मास्तर दिव्याच्या जुन्या खांबाखाली फिडल हनुवटीला लावून उभे राहिले, आणि एफी चालू लागली. आता माणूस साठ वर्षं बिनतक्रार चालत असतो. पण कुणी म्हणालं की चाल बघू, की पाय आपले नसल्यासारखे होतात. एफीचे हातपाय एकाच बाजूचे एकदम पुढे पडू लागले.

"ही लष्कराची कूच झाली," मास्तर म्हणाले. "पुन्हा."

ती पुन्हा चालली.

"हे बदक आहे. पुन्हा. मनात काही आणू नकोस."

दुधाच्या गाडीने हे पाहिलं आणि बातमी गावात नेली. थोड्याच वेळात कुंपणाला निम्मं गाव लागलं. बीनी आली, मॉस आला, डॉक्टर आले, टेप घेऊन घर मोजायला निघालेले थॉर्बर्न पती-पत्नी आले. बारीक पाऊस सुरू झाला, पण कुणी हललं नाही. उलट प्रत्येकाला काही ना काही सुचवायचं होतं.

"एफी, खांदे सोड!"

"हात हलव गं, बाजारात चाललीयस असं समज!"

"गुडघ्यातून, मिसेस कॅटनाख, गुडघ्यातून," डॉक्टर ओरडले.

"आमच्या मॉसला पुढे घालू का? म्हणजे त्याचं बघून..." असं बीनी म्हणाली आणि लगेच गप्प झाली.

एफीच्या बुटांत पाणी शिरलं, हॅटचं पीस गळून गालाला चिकटलं. तिला दिसत होतं की आपलं हसं होतंय. पण ती फलाटाच्या टोकाला जायची, वळायची आणि पुन्हा यायची. मास्तर डोळे मिटून एखादा सूर छेडायचे आणि मान हलवायचे. नाही. नाही. हेही नाही.

तेवढ्यात छत्री सावरत लम्सडेन आले. "क्षमा करा, पण हा प्रकार थांबवावा लागेल. फलाट अजून रेल्वेच्या मालकीचा आहे. त्यावर संगीताचा कार्यक्रम करायचा तर लेखी परवानगी लागते. शिवाय, मिसेस कॅटनाख, इतिवृत्तानुसार आपण काल संध्याकाळीच कायमच्या गेलेल्या आहात. गेलेल्या सभासदासाठी मंडळाच्या वादकाला वाजवता येतं की नाही, हे समितीपुढे..."

एफी थांबली. ती बाकापाशी गेली, घड्याळ उचललं आणि लम्सडेन यांच्या हातात कोंबलं. छत्री पडली.

"हे धरा. हे चालतही नाही," ती म्हणाली. "इतिवृत्तात लिहा की गेलेली बाई परत आली आणि तिने चहा मागितला. मिसेस थॉर्बर्न, ती टेप गुंडाळा. घर विकायचं नाही, आणि ती कपाटं गंमतशीर नाहीत. बीनी, तुझ्या स्कोनने डॉक्टरांचा दात हललाय, गावाने तुला सांगितलं नाही. आणि तू, वॉल्टर, तुला एवढा मोठा माणूस म्हणतात, नील गोनंतर तूच म्हणतात, आणि तुला एक बाई वाजवता येत नाही! ठेव तुझी धून तुझ्यापाशी. मला नको."

आणि ती निघाली.

वर्षानुवर्षं चहाच्या खिडकीत उभं राहून तिचा डावा खुबा धरला होता. त्यामुळे एक पाऊल आखूड पडायचं आणि दुसरं लांब. आखूड पाऊल झटक्यासरशी, लांब पाऊल ठासून. आणि दर चार पावलांनी, मागे वळून आणखी एक सुनवावी का, असं वाटून ती क्षणभर अडायची. मग जाऊ दे म्हणून पुन्हा निघायची. ती गेटपाशी पोचली नसेल, तोच मागून फिडल सुरू झालं.

आखूड, लांब. आखूड, लांब. अडली. निघाली.

आरशात न बघता स्वतःला ओळखावं, तसं एफीला झालं. ती थांबून वळणार एवढ्यात मास्तर किंचाळले, "थांबू नकोस! अगं थांबू नकोस, धुनेचा अजून दुसरा भाग यायचाय!"

मग काय करणार? ती चालत राहिली. गेटमधून बाहेर, रस्त्याने, गिरणीच्या चढाला. मागे पावसात मास्तर वाजवत निघाले, त्यांच्या डोक्यावर लम्सडेन यांची छत्री बीनीने धरलेली, बीनीमागे कुत्रा आणि कुत्र्यामागे गाव. धुनेचा दुसरा भाग चढावर सापडला. तिथे एफीला धाप लागली होती, म्हणून तो जरा वरच्या पट्टीत आहे आणि एका ठिकाणी श्वास घ्यायला जागा आहे. नवखे वादक ती जागा गाळतात. गाळू नये.

नावावरून वाद झालाच. बीनीला 'एफी फणफणत निघते' हवं होतं. लम्सडेन म्हणाले, इतिवृत्ताशी सुसंगत असं 'निरोप' असावं. "नाव 'मिसेस युफेमिया कॅटनाख'," एफी आपलं पूर्ण नाव उच्चारत म्हणाली. "पुढे काही नाही, मागे काही नाही." तसंच लिहिलं गेलं.

मंडळात परत यायला तिला रीतसर अर्ज करावा लागला. तो मंजूर झाला. मात्र कायमची गेल्याची नोंद काही खोडता आली नाही. तेव्हा इतिवृत्त खोटं पडू नये म्हणून ती पुढच्या वर्षी उन्हाळ्यात खरंच नोव्हा स्कॉशियाला गेली, ग्रिझेलबरोबर महिनाभर राहिली, तिच्याशी रोज भांडली आणि तृप्त होऊन परतली. तिथल्या वादकांना तिने ती धून शिकवली. ते ती फार पळवत वाजवतात, ही तिची तक्रार शेवटपर्यंत होती.

लम्सडेन यांनी ते घड्याळ दुरुस्तीला दिलं आणि पोचपावतीसह मंडळाच्या कपाटात ठेवलं. ते स्वतः ८० साली वारले; त्यांच्यावर धून झाली नाही, पण इतिवृत्ताच्या अठरा वह्या आहेत. थॉर्बर्न पती-पत्नींनी शेजारच्या खोऱ्यात घर घेतलं आणि तिथल्या भिंती पाडल्या. डॉक्टर इमलाख निवृत्त होऊन दक्षिणेला गेले. बीनीने किटली निमूटपणे परत केली. पुढे तिला खरोखरच स्कोन जमू लागले, पण ते कुणी कबूल केलं नाही. मॉस ७१ च्याच पानगळीत गेला. मास्तरांनी त्यानंतर आणखी पाचच धुना बांधल्या. ७६ च्या हिवाळ्यात त्यांची बोटं पुरती आखडली आणि वसंत यायच्या आधी ते गेले. त्यांच्यावर विलाप कोण बांधणार हा प्रश्नच होता. शेवटी गावाने त्यांच्याच धुना एकामागून एक वाजवल्या, आणि सगळं गाव, हयात असलेलं आणि नसलेलं, त्यांच्या कबरीपर्यंत चालत गेलं.

एफी ८९ साली गेली, अंथरुणात, स्वतःच्याच पलंगावर. मिनिस्टर नवे होते. स्ट्रॅथस्पे म्हणजे नाचाची धून, अंत्ययात्रेला शोभत नाही, असं त्यांचं मत पडलं. फिडलवाल्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि चर्चचं दार उघडताच तीच सुरू केली. शवपेटी खांद्यावर घेतलेले सहाही जण धडधाकट, तरणे. पायरी उतरेपर्यंत ते सरळ चालत होते. फाटकाशी आले तोवर सहाही जणांचं एक पाऊल आखूड पडायला लागलं होतं आणि दुसरं लांब. चौथ्या पावलाला सगळी मिरवणूक अडली, मागच्यांनी पुढच्यांना धक्के दिले, मिनिस्टरनी पुस्तकातून मान वर केली. मग ती पुन्हा निघाली, आणि चढापर्यंत तशीच गेली.